नोकरी गेल्यावर आरोग्य विमा: मराठवाड्यातल्या घरासाठी पर्यायांची पारख

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यातलं काम सुटलं की घरात हिशेब सुरू होतो तो पीएफ, ग्रॅच्युइटी आणि घरकर्जाच्या हप्त्याचा. आरोग्य विम्याकडे लक्ष जातं सगळ्यात शेवटी, आणि कंपनीचा विमा संपतो मात्र सगळ्यात आधी. बहुतेक गट पॉलिसींत संरक्षण कामाच्या शेवटच्या दिवसापुरतंच असतं. कंपनीनं वर्षभराचा प्रीमियम भरलेला असला तरी एचआरनं यादीतून नाव काढलं की कार्ड चालत नाही. बायको, मुलं, आई-वडील, सगळ्यांचंच संरक्षण एकदम थांबतं.

त्यानंतर हाताशी जे पर्याय उरतात त्यांची ही पारख. अमुक एका कंपनीची पॉलिसी सर्वांत चांगली, असं इथं सांगितलेलं नाही, कारण तीच पॉलिसी धाराशिवच्या घराला सोयीची आणि नांदेडच्या घराला अडचणीची ठरू शकते. पगार बंद झालेला असताना सगळे आधी प्रीमियमचा आकडा पाहतात, ते स्वाभाविकच आहे. तरीही त्याआधी दोन प्रश्न विचारा. जुन्या विम्याची वर्षं नव्या पॉलिसीत मोजली जाणार का? आणि आजारपणात आपण प्रत्यक्षात ज्या दवाखान्यात जातो, तिथं ही पॉलिसी किती पैसे देईल?

जुन्या गट विम्यातून वैयक्तिक पॉलिसी

आमच्या मते हा पहिला पर्याय आहे, आणि तोच सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो.

गट विम्यात बीपी, शुगर, थायरॉइड अशी जुनी दुखणी बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेली असतात. बाजारातून कोरी पॉलिसी घेतली की तसं नसतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मुतखडा, हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू, गर्भाशयाची शस्त्रक्रिया अशा ठरावीक उपचारांसाठी बहुधा २४ महिने थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. ही कमाल मर्यादा पूर्वी ४८ महिने होती, २०२४ मध्ये ती कमी झाली. म्हणजे शुगरची गोळी चालू असलेल्या ४५ वर्षांच्या माणसानं आज कोरी पॉलिसी घेतली, तर शुगरमुळे पायाला झालेल्या जखमेचा खर्च त्याला तीन वर्षं स्वतःच करावा लागू शकतो.

विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे गट विम्यातल्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. गटात काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात. गटात सलग तीन वर्षं काढली असतील तर वरच्या तिन्ही मुदती जुन्या विमा रकमेपुरत्या संपलेल्या धरल्या जातात. गटात ३ लाखांचं संरक्षण होतं आणि आता १० लाखांची पॉलिसी घेतली, तर सवलत ३ लाखांपुरतीच. वरच्या ७ लाखांना प्रतीक्षा नव्यानं लागते.

हे करायचं ते नोटीस पीरियडमध्ये, शेवटच्या दिवसाच्या महिनाभर आधी. अडचण पहिल्याच पायरीवर येते ती अशी की, आपल्या विमा कंपनीचं नावच माहीत नसतं. खिशातल्या कार्डावर ठळक अक्षरांत असतं ते टीपीएचं नाव, म्हणजे दावे हाताळणाऱ्या संस्थेचं. विमा कंपनी वेगळी असते आणि तिचं नाव बारीक अक्षरांत किंवा कार्डाच्या मागं असतं. अर्ज टीपीएकडे करून उपयोग नाही. एचआरकडून लेखी घ्यायचं ते एवढं: मास्टर पॉलिसीचा, म्हणजे कंपनीच्या नावावरच्या गट पॉलिसीचा क्रमांक, घरातला प्रत्येक सदस्य कोणत्या तारखेला विम्यात आला, दरवर्षीची विमा रक्कम, आणि संरक्षण संपण्याची तारीख. पत्र मिळत नसेल तर कंपनीच्या मेलवर आलेली दरवर्षीची ई-कार्डं डाउनलोड करून स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. कामाचा शेवटचा दिवस उलटला की कंपनीचा मेलही बंद होतो आणि टीपीएच्या पोर्टलवरचं लॉगिनही.

एचआरकडून "आमच्याकडे अशी सोय नाही" असं उत्तर आलं तर तिथं थांबू नका. हा निर्णय तुमच्या कंपनीचा नसून विमा कंपनीचा आहे. एचआरकडून फक्त दाखला हवा.

दुसरी गफलत विमा कंपनीच्या फोनवर होते. समोरच्याला कोरी पॉलिसी विकणं सोपं असतं, त्यामुळे तो "सर, नवीनच घ्या, लगेच सुरू होईल" म्हणतो. प्रस्ताव अर्ज मायग्रेशनचाच आहे ना, हे सही करण्याआधी पाहा. पॉलिसी हातात आली की शेड्यूलच्या पानावर प्रत्येक सदस्याच्या नावापुढं विमा पहिल्यांदा सुरू झाल्याची तारीख शोधा. तिथं आजची तारीख छापली असेल तर जुनी वर्षं मोजलेली नाहीत. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त करून घेता येते किंवा परत करता येते. हा ३० दिवसांचा फ्री लूक काळ तुमचा हक्क आहे. परत करताना वैद्यकीय तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांचा प्रीमियम कापला जातो, बाकी पैसे परत मिळतात.

या पर्यायाची उणी बाजूही आहे. गटात प्रीमियम सगळ्या कामगारांवर वाटला जायचा. इथं तो वयावर ठरतो, त्यामुळे आकडा पाहून धक्का बसतो. कंपनी वैद्यकीय माहिती मागू शकते आणि प्रीमियम वाढवून सांगू शकते. शिवाय त्याच कंपनीचं उत्पादन घ्यावं लागतं. ते पसंत नसेल तर वर्षभर तिथं राहा आणि नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी दुसऱ्या कंपनीकडे पोर्टेबिलिटीचा अर्ज करा. मोजलेली वर्षं सोबत जातात.

घरात कुणालाही जुना आजार नसेल आणि सगळे पस्तिशीच्या आतले असतील, तर मायग्रेशनसाठी एवढी धडपड केलीच पाहिजे असं नाही. तरीही २४ महिन्यांच्या यादीतला मुतखडा आणि हर्निया तरुण माणसालाही होतोच.

आरोग्य संजीवनी: स्वस्त, सरळ, पण खोलीच्या भाड्यावर लक्ष हवं

आरोग्य संजीवनी ही नियामकानं ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून मिळते. कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी अटी त्याच, फरक फक्त प्रीमियममध्ये आणि सेवेत. दहा कंपन्यांची माहितीपत्रकं समोर ठेवून डोकं शिणवायची गरज नाही, हा तिचा मोठा गुण. दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरले जातात. आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे पद्धतींचे उपचारही धरले जातात. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षाला विमा रक्कम ५ टक्क्यांनी, कमाल ५० टक्क्यांपर्यंत वाढते.

त्रास होतो तो मर्यादांचा. खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के आणि कमाल रोज ५,००० रुपये. आयसीयू ५ टक्के, कमाल रोज १०,०००. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते. आणि प्रत्येक दाव्यात ५ टक्के तुमचे.

खोलीची मर्यादा ओलांडली की नेमकं काय होतं ते आकड्यांतच पाहू. ३ लाखांची पॉलिसी आहे. २ टक्के म्हणजे ६,०००, पण वरची मर्यादा ५,००० ची. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात तुम्ही रोज ८,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिलात. खोलीचे ३२,०००. सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग मिळून ८०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या ६०,०००. एकूण बिल १,७२,०००. विमा रक्कम ३ लाख असल्यामुळे सगळं भागेल असं वाटतं. पण ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के, आणि हे प्रमाण खोलीबरोबर सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह यांनाही लागतं. खोलीचे २०,००० आणि सर्जन वगैरेंचे ५०,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही, त्यांचे ६०,००० पूर्ण. बेरीज १,३०,०००. त्यातून ५ टक्के, म्हणजे ६,५०० वजा. विम्याकडून आले १,२३,५००, तुमच्या खिशातून गेले ४८,५००. हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा न धरल्या जाणाऱ्या वस्तूंचं बिल वेगळं.

म्हणून दाखल होताना बिलिंग काउंटरवर एकच वाक्य बोला: "माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा ५,००० आहे, त्यातलीच द्या." हे नातेवाइकांनाही सांगून ठेवा, कारण दाखल होताना रोगी बोलण्याच्या स्थितीत नसतो आणि घाईत जी खोली मोकळी असेल ती घेतली जाते. ज्या दवाखान्यात खोलीप्रमाणे इतर दर बदलत नाहीत, तिथं ही प्रमाणशीर कपात करता येत नाही. तसं लेखी मिळालं तर दाव्यासोबत जोडा.

लातूर, परभणी, बीडच्या मध्यम दवाखान्यांत रोजच्या भाड्याची ही मर्यादा पुष्कळदा पुरते, म्हणून तिथल्या लोकांना आरोग्य संजीवनी आम्ही निःशंक सुचवू. संभाजीनगर, पुणे, हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यांत जायचा विचार असेल तर ती अपुरी पडते.

नांदेडच्या माणसाला हैदराबाद, आणि झोनची अट

मराठवाड्यातून विमा घेताना हा मुद्दा सुटता कामा नये, आणि एजंट तो आपणहून क्वचितच काढतात. अनेक कंपन्या देशाचे दोन-तीन झोन करून प्रीमियम ठरवतात. मुंबई-दिल्ली वरच्या झोनमध्ये. पुणे आणि हैदराबाद काही कंपन्यांकडे पहिल्या, काहींकडे दुसऱ्या. आपले जिल्हे बहुधा शेवटच्या झोनमध्ये, त्यामुळे प्रीमियम कमी दिसतो. त्या बदल्यात अट अशी असते की, वरच्या झोनच्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा १० ते २० टक्के हिस्सा तुम्ही भरायचा.

आता आपल्याकडचे लोक जातात कुठं? नांदेड, देगलूर, किनवटकडचा गंभीर रोगी हैदराबादला जातो. उमरगा, तुळजापूरचा सोलापूरला. आष्टी, पाटोद्याचा अहिल्यानगर किंवा पुण्याला. हृदयाच्या शस्त्रक्रियेचं हैदराबादचं बिल ४ लाख झालं आणि २० टक्क्यांची अट असेल, तर ८०,००० रुपये तिथंच गेले. दरवर्षी प्रीमियममध्ये वाचलेले दोन-तीन हजार त्यापुढं काहीच नाहीत. नांदेडच्या घरानं एकतर वरच्या झोनचा प्रीमियम भरून ही अट काढून घ्यावी, किंवा झोन नसलेली पॉलिसी घ्यावी. आरोग्य संजीवनीचा प्रीमियम देशभर एकच ठेवायचा असतो, झोन करता येत नाहीत. हिंगोली किंवा जालन्याचं जे कुटुंब नांदेड-संभाजीनगरच्या पलीकडे जात नाही, त्यांना खालच्या झोनचा कमी प्रीमियम ठीक.

कॅशलेस दवाखान्यांची यादी संकेतस्थळावर पाहून विश्वास ठेवू नका, ती मागं पडलेली असते. दवाखान्यात फोन करून विमा कक्षाला विचारा: "या विमा कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का?" विमा कंपनीचं नाव घ्या, टीपीएचं नको.

तालुक्याच्या गावात छोट्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर आधी दोन गोष्टी तपासा. दवाखाना नियमानं नोंदलेला असावा. तशी नोंदणी नसेल तर पॉलिसीच्या व्याख्येप्रमाणे १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी, हे सगळं लागतं. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला नसला की परताव्याचा दावा अडकतो. साध्या कागदावर शिक्का मारून दिलेली पावती चालत नाही. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधांची बिलं आणि तपासण्यांचे अहवाल दवाखान्यातून निघतानाच गोळा करा. नंतर मिळवायला फार हेलपाटे पडतात.

१ कोटीची पॉलिसी आत्ता नको

जाहिराती १ कोटीच्या असतात. पगार थांबलेल्या घरासाठी आमचं मत वेगळं आहे. पुढच्या वर्षीही नूतनीकरण करता येईल एवढीच पॉलिसी घ्या. ती बंद पडली तर साठवलेली वर्षंही जातात. ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर ५ लाख वजावटीची (म्हणजे पहिल्या ५ लाखांच्या वरचंच बिल देणारी) १० किंवा २० लाखांची सुपर टॉप-अप, ही जोडी एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा बहुधा बरीच स्वस्त पडते.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात गल्लत करू नका. टॉप-अपमध्ये वजावट प्रत्येक दाव्याला वेगळी लागते, सुपर टॉप-अपमध्ये वर्षातल्या सगळ्या बिलांची बेरीज धरतात. वर्षात ३ आणि ४ लाखांची दोन बिलं आली, वजावट ५ लाख, तर टॉप-अपकडून शून्य आणि सुपर टॉप-अपकडून २ लाख. फरक प्रीमियमचा थोडा, फायद्याचा मोठा.

बायको किंवा नवरा नोकरीत असेल तर आधी त्यांच्या कंपनीच्या एचआरकडे जा. जोडीदाराचं नाव गट विम्यात वर्षाच्या मध्येच घालता येतं का, हे विचारायला काही लागत नाही. तिथं ३ लाखांचं संरक्षण असेल तर आपण ३ लाख वजावटीची सुपर टॉप-अप घ्यायची. उद्या तुम्हाला नवी नोकरी आणि नवा गट विमा मिळाला तरी ती कामाला येते.

आई-वडिलांना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा प्रीमियम सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो, त्यामुळे ६५ वर्षांचे वडील आत आले की सगळ्या घराचा आकडा चढतो. त्यांची पॉलिसी वेगळी घ्या. वय ७० च्या वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता ७० वर्षांवरच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार या कार्डावर मिळतात, आणि खासगी विमा असला तरी ते काढता येतं. आधार कार्ड पुरतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी निघाला आहे. जुन्या कोटेशनमध्ये २०,००० चे २३,६०० लावलेले दिसले तर नवं कोटेशन मागा. तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला तर सूट मिळते, पण हातात ग्रॅच्युइटीशिवाय काही नसताना ते पैसे अडकवू नयेत. मासिक हप्ता घेतलात तर तो पगाराच्या खात्यावरून कापला जाणार नाही ना, ते पाहा. पगार थांबला की त्या खात्यावर किमान शिलकीचे नियम लागू शकतात, हप्ता परत जातो, आणि मासिक हप्त्याला मुदत फक्त १५ दिवसांची. वार्षिक प्रीमियमला ३० दिवस मिळतात.

बँकेच्या काउंटरवर खातेदारांसाठी म्हणून विकली जाणारी स्वस्त पॉलिसी बहुधा गट विमाच असते. कागदावर मास्टर पॉलिसीधारक म्हणून बँकेचं नाव असेल तर समजा की, बँकेनं करार मोडला तर तुमचंही संरक्षण धोक्यात. खासगी दवाखान्यांचं सवलतीचं हेल्थ कार्ड म्हणजे विमा नव्हे.

अर्ज भरताना बीपी, शुगर, जुनी शस्त्रक्रिया, तंबाखू, गुटखा सगळं खरं लिहा. एजंट "हे लिहू नका, प्रीमियम वाढेल" म्हणाला तरी लिहा, कारण दावा नाकारला जातो तेव्हा एजंट भरपाई देत नाही. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण त्याआधीची पाच वर्षं पूर्ण उघडी असतात.

ईएसआय कापला जात होता का?

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बऱ्याच जणांना, ठेकेदाराकडच्या कामगारांनासुद्धा, वाटतं की काम सुटलं त्या दिवशी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) संपला. तसं नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कायम कामावर असलेला माणूस ३१ ऑगस्टला सुटला, तर डिसेंबरपर्यंतचे उपचार आधीच्या सहामाहीवर आणि जून अखेरपर्यंतचे चालू सहामाहीवर, घरच्यांसह. हा काळ फुकट मिळालेला वेळ आहे. त्यात खासगी पॉलिसी घेतली की तिचे प्रतीक्षेचे महिने मागच्या मागे सरतात.

पात्रता ईएसआयसीच्या पोर्टलवर १० अंकी विमा क्रमांकानं पाहता येते. ठेकेदारानं कापलेली वर्गणी भरलीच नसेल, तर ते इथंच कळतं. मग पगाराच्या पावत्या घेऊन शाखा कार्यालयात तक्रार द्या. टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६. उपचारासाठी आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात किंवा चिकलठाण्याच्या ईएसआय रुग्णालयात जा. मोठ्या उपचारासाठी तिथून संदर्भपत्र मिळालं तरच बाहेरचा दवाखाना बिनपैशांचा. परस्पर खासगीत गेलात तर तातडीची स्थिती सोडून पैसे परत मिळणं कठीण. रांगा आणि औषधांचा तुटवडा ही या सेवेची खरी तक्रार आहे, तरी डायलिसिस किंवा कर्करोगासारख्या लांबलचक खर्चात तिला तोड नाही.

कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली असेल तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून बेकारी भत्ता आणि त्या काळातले उपचार मिळू शकतात. स्वतः राजीनामा दिला तर ही दारं बंद होतात. त्यामुळे "राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर करू" असं कुणी म्हणालं तर सही करण्याआधी विचार करा. पाच वर्षं विमित राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात, हे जालना-वाळूजच्या कितीतरी निवृत्त कामगारांना कुणी सांगितलेलंच नसतं.

महात्मा फुले योजना: रेशनकार्ड नीट करून ठेवा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना धरलं आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. प्रीमियम नाही, प्रतीक्षा नाही, जुना आजार चालतो. नोकरी गेलेल्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण हिला विमा समजून खासगी पॉलिसी सोडू नये. यादीत असलेलाच उपचार मिळतो, यादीतल्याच दवाखान्यात, आणि त्या दवाखान्याच्याही सगळ्या विभागांत नाही. काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला (योजनेच्या दवाखान्यातल्या प्रतिनिधीला) भेटून मंजुरी घ्यावी लागते. बिल भरून नंतर पैसे मागितले तर मिळत नाहीत. मंजुरीनंतर दवाखान्यानं पैसे मागितले तर १५५३८८ वर लगेच फोन करा.

सगळ्यात जास्त अडतं ते रेशनकार्डावरच्या नावाशी. लग्न होऊन आलेल्या बायकोचं नाव माहेरच्या कार्डावर, लहान मुलाचं कुठंच नाही, आधारवरचं आडनाव वेगळं. कार्ड केज किंवा सेलू तालुक्यातलं आणि राहणं बजाजनगरला, याची अडचण नाही, योजना राज्यभर चालते. नावं मात्र कामाच्या शेवटच्या आठवड्यातच तहसीलमधून जुळवून घ्या, दवाखान्यात गेल्यावर नव्हे.

घरात कुणी गरोदर असेल तर एक गोष्ट स्पष्ट आहे: आता घेतलेल्या वैयक्तिक पॉलिसीत हे बाळंतपण येणार नाही, तिथं बहुधा दोन ते चार वर्षांची प्रतीक्षा असते. त्यासाठी वेगळा प्रीमियम भरू नका. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनसह बाळंतपण, औषधं, आहार आणि ने-आण मोफत आहे, आणि आजारी नवजाताचे उपचारही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं यांपैकी जवळ जे असेल तिथं नाव आधीच नोंदवा.

दावा नाकारला तर

नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं नेमकं कलम लिहिलेलं असलं पाहिजे. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. मराठवाड्याचे जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतात. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. अर्जासोबत मायग्रेशनच्या वेळी एचआरनं दिलेलं पत्र आणि जुनी ई-कार्डं जोडा. आजार पॉलिसीच्या आधीचा होता, असा कंपनीचा मुद्दा असेल तर जुनी वर्षं सिद्ध करायला हेच कागद लागतात.